रानाचें गणित आणि त्याचा ताळा



अरण्याचें वर्णन आपल्या वाङ्मयांत विपुल आहे. अरण्याचा हिशेब मात्र फार अलीकडचा आहे. रान वाढतें म्हणजे नेमकें काय होतें, किती वेगानें होतें, पाऊस ओसरला किंवा वणवा फिरला तर पन्नास वर्षांनीं त्याच टेकडीवर काय उभें असेल, हे प्रश्न विचारून त्यांचीं उत्तरें आंकड्यांत देऊं पाहणारें एक शास्त्र गेल्या तीनशें वर्षांत हळूहळू आकारास आलें. इमारत उभी राहण्यापूर्वींच तिच्या नकाशावरून भार किती व खर्च किती हें जसें सांगतां येतें, तशी रानाची एक गणिती प्रतिकृति कागदावर किंवा गणकयंत्रांत उभी करावयाची आणि तिला प्रश्न विचारावयाचे, ही या शास्त्राची रीत. हिलाच हल्लीं मॉडेल म्हणतात. या प्रतिकृतींचा इतिहास आज सांगावयाचा आहे, आणि तो आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या रानांत उभें राहून सांगावयाचा आहे. मी आयुष्यभर मुलांस अंकगणित शिकविलें. उदाहरण सुटलें म्हणून आनंदानें पाटी पुढें करणाऱ्या मुलास आम्हां मास्तरांचा एकच प्रश्न असे, ‘ताळा पाहिलास काय?’ रानाच्या गणितासहि तोच प्रश्न विचारावयाचा आहे.

प्रथम आमचीं रानें कशीं आहेत तें पाहूं. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या कुशींत, मेळघाटास लागून अंबाबरवा हें सुमारें १२७ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य आहे. दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांत, बुलढाणा व खामगांव यांच्या दरम्यान ज्ञानगंगेचें सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य आहे. दोन्ही १९९७ सालीं घोषित झालीं. दोहोंच्या मधून पूर्णेचें काळ्या मातीचें, कपाशीचें खोरें पसरलें आहे. साग, सालई, धावडा, अंजन, खैर, तेंदू, मोह आणि पळस हीं येथलीं मुख्य झाडें. माघ-फाल्गुनांत बहुतेकांचीं पानें गळतात, टेकड्या उघड्या पडतात, आणि परक्या माणसास वाटतें कीं हें रान मेलें. मृगाच्या सरी पडतांच तेंच रान पंधरवड्यांत हिरवें होतें. हॅरी चँपियन यानें १९३६ सालीं भारतांतील वनांचें जें वर्गीकरण केलें व १९६८ सालीं सेठ यांच्या सहकार्यानें जें सुधारलें, त्यांत अशा रानांस शुष्क पानझडी अरण्य म्हटलें आहे. हें वर्णन ध्यानांत ठेवावें. कारण रानाचें गणित ज्या देशांत जन्मलें तेथें असलें रान नव्हतें.

तें गणित जन्मलें जर्मनींत, आणि तें खाणीच्या पोटीं जन्मलें. सॅक्सनीच्या खाणींस व भट्ट्यांस लांकूड अपुरें पडूं लागलें, तेव्हां तेथील खाण-खात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यानें १७१३ सालीं एक ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, जितकें उगवतें तितकेंच तोडावें. हें तत्त्व आपल्या घरगुती भाषेंत सांगावयाचें तर मुद्दलास हात न लावतां व्याजावर निर्वाह करावा, असें आहे. परंतु व्याज किती हें कळल्याशिवाय तें खावें कसें? अठराव्या शतकाच्या अखेरीस हार्टिग व कोट्टा या दोघां वनाधिकाऱ्यांनीं व त्यांच्या अनुयायांनीं या प्रश्नाच्या उत्तरासाठीं झाडें मोजलीं आणि अमुक वयाच्या रानांत अमुक इतकें लांकूड असतें, असे तक्ते सिद्ध केले. रानाची पहिली गणिती प्रतिकृति ती हीच. पुढें १८४९ सालीं फाउस्टमान यानें त्यास चक्रवाढ व्याजाची जोड दिली आणि झाड कितव्या वर्षीं तोडलें असतां सर्वाधिक लाभ होईल याचें सूत्र मांडलें.

या तक्त्यांची उपयुक्तता मोठी होती. त्यांच्या पोटांत दडलेलीं गृहीतकेंहि तितकींच मोठीं होतीं. रान एकाच जातीचें, एकाच वयाचें, ओळीनें लावलेलें असावें. जमीन बदलूं नये. पाऊस पूर्वीं पडला तसाच पुढें पडावा. या अटी पाळल्या गेल्या तरच त्रैराशिक जुळे.

ही विद्या आपल्याकडे आली ती डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर. १८५६ सालीं ब्रह्मदेशांतील पेगूच्या सागवनांचा कारभार त्याच्याकडे आला. अफाट रान, हाताखालीं माणसें थोडीं. त्यानें युक्ति अशी केली कीं, हत्तीवर बसून डोंगराच्या धारेनें चालावें, हातांत कांहीं काठ्या धराव्या, आणि दिसेल त्या सागाच्या जाडीचा अदमास घेऊन त्या त्या काठीवर चाकूनें खूण कोरावी. दिवसाअखेर काठ्यांवरील खुणा मोजल्या म्हणजे त्या पट्ट्यांत लहान साग किती, मध्यम किती, तोडणीस आलेले किती, हें कळे. लहान झाड मोठें होण्यास किती वर्षें लागतात हें ठरलें कीं दरसाल किती साग तोडावे याचें उत्तर निघे. या हिशेबांत एक नवेपणा होता. लावलेल्या रानाऐवजीं आपोआप उगवलेल्या, मिश्र रानाला त्यानें गणित लावलें. १८६४ सालीं ब्रँडिस हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला आणि त्याची पद्धति देशभर पसरली.

वऱ्हाड त्या वेळीं निजामाच्या मालकीचें पण १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं आलेलें होतें. म्हणून ब्रिटिश मुलखाचा वनकायदा येथें सरळ लागूं न होतां १८८६ सालीं वऱ्हाडासाठीं निराळा वनकायदा झाला. त्या व्यवस्थेंत सरकारी रानांचे तीन वर्ग होते: पहिला इमारती लांकडाचा व सरपणाचा, दुसरा गवताच्या रमण्यांचा, आणि तिसरा गुरचराईचा. या वर्गीकरणांत एक शहाणपण होतें तें आज सांगण्याजोगें आहे. गवताळ जमीन म्हणजे झाडें नसलेलें, बिघडलेलें रान असें न समजतां तिला स्वतःचा वर्ग व स्वतःचें काम दिलेलें होतें. त्याबरोबरच दोषहि स्पष्ट होता. सागाचा हिशेब बारकाईनें ठेवला जाई. ज्या सालईस बाजार नव्हता तिला वहींत मान नव्हता. आणि पावसाचा रकाना तर कोणत्याच तक्त्यांत नव्हता. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला, तेव्हां उपाशी माणसें व गुरें या दोहोंनीं रानाचाच आश्रय केला. अशा एका वर्षांत रानावर जें गुदरतें तें सरासरीच्या तक्त्यांत दिसत नाहीं.

डेहराडून येथें १९०६ सालीं वनसंशोधन संस्था स्थापन झाली. तिनें मोजमापाचें काम पुष्कळ पुढें नेलें, आणि १९४० च्या सुमारास सागाच्या लागवडींचे उत्पन्नतक्ते प्रसिद्ध केले. सर्वांत उंच झाडांच्या उंचीवरून जमिनीची प्रत ठरवावी, आणि प्रतीप्रमाणें उत्पन्न वाचावें, अशी त्यांची रचना होती. तक्त्यांच्या युगाचें हें आपल्याकडील परिपक्व फळ. येथून पुढें मात्र गणिताची दिशाच बदलली. ‘किती लांकूड?’ हा प्रश्न मागें पडून ‘झाड कां वाढतें?’ हा प्रश्न पुढें आला.

पहिलें उत्तर उजेडांत सांपडलें. १९५३ सालीं मोन्सी व साएकी या दोन जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, पानांच्या थरांमागून थरांतून खालीं उतरतांना उजेड एका ठराविक प्रमाणांत घटत जातो, आणि तें प्रमाण सूत्रांत बसवितां येतें. पाण्यांत खोल जावें तसा अंधार वाढतो, तसेंच हें. आतां कोणत्या पानास किती उजेड मिळतो हें कळलें म्हणजे तें किती अन्न तयार करील याचाहि अंदाज बांधतां येऊं लागला.

दुसरें पाऊल अमेरिकेंत पडलें. १९७२ सालीं बॉटकिन, जनाक व वॉलिस या तिघांनीं न्यू हॅम्पशायरमधील डोंगरी रानाची एक प्रतिकृति गणकयंत्रांत उभी केली आणि आपल्याच नांवांचीं आद्याक्षरें जुळवून तिला ‘जाबोवा’ असें नांव दिलें. त्यांनीं रानाचा एक लहानसा चौरस घेतला, दहा मीटर लांब व तितकाच रुंद, आणि त्यांतील एकेक झाड निराळें मांडलें. दरसाल प्रत्येक झाडास यंत्र विचारी: तुझ्या डोक्यावर सांवली किती, थंडी किती, पाणी पुरतें काय? सर्व अनुकूल असतां जितकी वाढ झाली असती तींतून प्रत्येक अडचणीबद्दल वजाबाकी होई. कोणतें झाड मरावें व कोणतें बीं रुजावें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोपविलेलें असे. एखादा जुना वृक्ष कोसळला कीं त्या खिंडारांतून उजेड खालीं येई आणि वर्षानुवर्षें खुरटून राहिलेलीं रोपें एकदम वर धांवत. रान म्हणजे लहानमोठ्या खिंडारांची, निरनिराळ्या वयांच्या तुकड्यांची एक गोधडीच आहे, ही दृष्टि या गणितानें दृढ केली. शंभर वर्षें जें सरासरीखालीं झांकलेलें होतें तें एकेका झाडाचें आयुष्य येथें हिशेबांत आलें.

तिसरें पाऊल पानाच्या आंत पडलें. ऑस्ट्रेलियांतील फार्कर यानें आपल्या दोन सहकाऱ्यांसह १९८० सालीं पानांतील प्रकाशसंश्लेषणाचें सूत्र मांडलें. उजेड, उष्णता आणि हवेंतील कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, यांवर पानाची अन्न करण्याची गति कशी अवलंबून आहे हें त्यांत आलें. यामुळें जुन्या तक्त्यांस जो प्रश्न विचारणेंच अशक्य होतें तो विचारतां येऊं लागला: धुरानें हवाच बदलली तर रानाचें काय होईल? १९९० नंतरच्या काळांत पान, झाड, माती व हवा यांचीं सूत्रें एकत्र करून सबंध पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनांत कोणतें रान उगवेल हें सांगणाऱ्या प्रतिकृति निर्माण झाल्या.

येथें ताळ्याचा प्रश्न उभा राहतो. २००० सालीं इंग्लंडांतील एका प्रतिकृतीनें असें भाकित केलें कीं, हवा तापत गेल्यास या शतकांत ॲमेझॉनचें अरण्य मोठ्या प्रमाणावर वाळून जाईल. जगभर खळबळ झाली. २०१३ सालीं बावीस निरनिराळ्या हवामान-भाकितांवर तोच प्रश्न तपासला गेला, तेव्हां केवळ हवामानाच्या बदलानें तें अरण्य बव्हंशीं तग धरील असें दिसलें.

आपल्याकडचें उदाहरण अधिक बोलकें आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील रवींद्रनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं भारतांतील रानांचें भाकित प्रसिद्ध केलें. धूर अधिक निघाल्यास रानांच्या चौकोनांपैकीं शेंकडा ७७, व कमी निघाल्यास शेंकडा ६८ चौकोनांत या शतकाच्या अखेरच्या सुमारास रानाचा प्रकारच बदलेल, असा त्याचा निष्कर्ष होता. २०११ सालीं त्याच परंपरेंतील दुसरा अभ्यास निघाला. हवामानाचें भाकित एकाच प्रतिकृतींतून घेतलेलें, देश तोच, रानें तींच. वनस्पतींची प्रतिकृति मात्र नवी. या वेळीं आंकडे शेंकडा ३९ व ३४ आले. पहिली प्रतिकृति ‘हवा अशी झाली तर अखेर काय उगवेल’ एवढेंच सांगे. दुसरी वर्षामागून वर्ष चालत जाई. फरक पडण्याचें हें एक कारण असावें. विद्वानांचा उपहास करण्यासाठीं हें मी सांगत नाहीं. त्यांनीं दोन्ही आंकडे उघडपणें मांडले, हाच शास्त्राचा प्रामाणिकपणा. परंतु यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी कीं, गणकयंत्रांतून निघालेला आंकडा हें उदाहरणाचें उत्तर आहे. ताळा अजून पाहावयाचाच आहे. आणि त्या दुसऱ्या अभ्यासानें हवामानाच्या बदलास सर्वांत अधिक बळी पडण्याजोग्या प्रदेशांत मध्य भारताचा कांहीं भाग घातला असल्यामुळें हा ताळा आमच्या दारचा आहे.

आमच्या रानापुरतें पाहतां या गणितांत तीन रकाने अपुरे पडतात. पहिला पाण्याचा. न्यू हॅम्पशायरच्या रानांत झाड मुख्यतः उजेडासाठीं भांडतें. ज्ञानगंगेच्या उतारावर उजेडास तोटा नाहीं. तेथें सारी झटापट जमिनीखालीं, मुरुमाच्या भेगांत उरलेल्या ओलीसाठीं चालते. सालई खडकाळ माथ्यावर उभी राहते, अंजन आपलें मूळ खोल नेतो, आणि साग पानें टाकून उन्हाळा काढतो. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सरासरी पाऊस तोच असला तरी तो चाळीस दिवसांत पडला कीं पंधरा, यावर कोण जगेल हें ठरतें.

दुसरा रकाना वणव्याचा. उन्हाळ्यांत वाळलें गवत पेटतें आणि रोपें जळून जातात. पण मुळें जिवंत राहतात व पावसाळ्यांत पुन्हां धुमारे फुटतात. सागाचें रोप असें अनेकदां जळून, मूळ बळकट करून, मग एखाद्या वर्षीं आगीच्या आवांक्याबाहेर निघून जातें. बुंध्यावरून वय ठरविणाऱ्या गणितास या रोपाचें वय काय म्हणून सांगावें? बुंधा एक वर्षाचा आणि मूळ पंधरा वर्षांचें!

तिसरा रकाना माणसाचा व गुरांचा. चराई, सरपण, मोहफुलें, तेंदूपानें यांच्यावांचूनचें रान वऱ्हाडांत शतकानुशतकें कोणी पाहिलेलें नाहीं. म्हणून माणूस वगळून केलेली प्रतिकृति ही कोठेंच नसलेल्या रानाची प्रतिकृति होते.

हे रकाने भरावयाचे तर झाडें पुनःपुन्हां, वर्षानुवर्षें मोजावीं लागतात. असें एक थोर काम दक्षिणेंत निलगिरीच्या पायथ्याशीं मुदुमलै येथें चाललें आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या सुकुमार यांनीं १९८८ सालीं तेथील शुष्क पानझडी रानांत ५० हेक्टरांचा पट आंखला आणि त्यांतील सुमारें २५ हजार झाडांस क्रमांक देऊन त्यांची मोजणी चालविली. वणवा, हत्ती व अवर्षण यांनीं लहान खोडें कशीं मरतात व कशीं पुन्हां फुटतात हें त्या नोंदींतून दिसूं लागलें. आमच्या सागरानांशीं नातें सांगणारा हा पुरावा आहे.

परंतु झाडाचें आयुष्य माणसाहून मोठें, आणि हवामानाचे फेरे झाडाहूनहि मोठे. चाळीस वर्षांच्या मोजणीनें हजार वर्षांचा ताळा कसा पाहावा? येथें लोणार उपयोगी पडतें.

काळ्या पाषाणावर आकाशांतून अशनि आदळून झालेलें हें विवर पावणेदोन किलोमीटरांहून थोडें अधिक रुंद आहे. पाणी आंत येतें, बाहेर जात नाहीं. म्हणून तळाशीं गाळाचे थर शांतपणें सांचत राहिले. जर्मनींतील पॉट्सडॅम येथील भूविज्ञान-केंद्रांतील सुष्मा प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या तळांतून सुमारें दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढून अभ्यासला आणि २०१४ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सुमारें ११ हजार वर्षांचें दप्तर त्यांत होतें. पाणी फार आटलें म्हणजे गेलुसाइट नांवाच्या क्षाराचे स्फटिक बनतात. ते ज्या थरांत सांपडले ते थर दीर्घ अवर्षणाचे. असे दोन कालखंड ठळक निघाले: आजपासून सुमारें ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वींचा, आणि सुमारें २००० ते ६०० वर्षांपूर्वींचा. या दुसऱ्या काळांत सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा आपला बहुतेक प्राचीन इतिहास येतो. लोणारचीं देवळें उभारलीं गेलीं तो काळहि त्यांतच मोडतो.

याच गाळांत परागकणहि असतात. परागाचें कवच इतकें चिवट कीं तें हजारों वर्षें टिकतें, आणि त्याच्या घडणीवरून वनस्पतीचें कुल ओळखतां येतें. मात्र येथेंहि भोळेपणा चालत नाहीं. गवताचे पराग वाऱ्यावर उधळतात म्हणून फार दिसतात. सागाचें परागण कीटक करतात म्हणून त्याचे थोडेच तळ्यांत पडतात. गाळांत साग कमी दिसला म्हणून रानांत तो कमी होता असें म्हणतां येत नाहीं. यासाठीं लोणारच्या भोंवतालच्या आजच्या रानांत कोणतीं झाडें आहेत व मातींत पराग कोणते पडतात यांचा मेळ घालणारा अभ्यासहि २०१५ सालीं प्रसिद्ध झाला आहे. वजनें प्रथम तपासावीं, मग तागडी उचलावी, हा वाण्याचा नियम शास्त्रासहि लागूं आहे.

आतां ताळा कसा पाहावयाचा तें सांगतां येईल. प्रतिकृतीस आजपासून शंभर वर्षांनंतरचें रान विचारण्यापूर्वीं चार हजार वर्षांपूर्वींचें विचारावें. त्या काळचें अवर्षण तिला द्यावें, ती कोणतें रान दाखविते तें पाहावें, आणि लोणारच्या परागांशीं ताडावें. जुळलें तर पुढच्या भाकितावर विश्वास ठेवण्यास आधार मिळेल. न जुळल्यास पाण्याचा, वणव्याचा वा मुळांचा कोणता रकाना चुकला हें शोधावें. हवामानाचे असे जुने पुरावे व प्रतिकृति यांची सांगड घालणें ही आजच्या संशोधनाची एक मोठी दिशा आहे. दुसरी दिशा आकाशांतून मापण्याची. २०१८ च्या डिसेंबरांत अमेरिकेनें अंतराळ-स्थानकावर पाठविलेलें गेडी हें यंत्र प्रकाशकिरण सोडून झाडांची उंची मोजूं लागलें. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून भारत व अमेरिका यांचा निसार हा उपग्रह उडाला, आणि त्याचे रडार-तरंग रानांतील लांकडाचा अंदाज घेऊं शकतात. ब्रँडिसची काठी आतां आकाशांत गेली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तरीहि पानगळीच्या रानांत मुळाचें वय आकाशांतून दिसत नाहीं. तें पाहण्यास वांकून जमीनच पाहावी लागेल.

या सर्वांचा सामान्य गृहस्थाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत महाराष्ट्र शासनानें ५० कोटि झाडें लावण्याचा संकल्प केला. पहिल्या वर्षीं ४ कोटि, दुसऱ्या वर्षीं १३ कोटि, तिसऱ्या वर्षीं ३३ कोटि. संकल्प उदात्त होता. परंतु रोप लावल्याच्या दिवशीं झालेली मोजणी म्हणजे कार्लोविट्झच्याहि मागची पायरी होय. कोणती जात, कोणत्या मुरुमावर, किती अवर्षणें सोसून, दहाव्या वर्षीं किती उरेल, हा प्रश्न विचारणें म्हणजे प्रतिकृति करणें. वऱ्हाडच्या जुन्या वनव्यवस्थेनें ज्या गवताला स्वतंत्र वर्ग दिला त्या रमण्यांवर झाडें लावावीं कीं नाहीं, याचेंहि उत्तर याच हिशेबांतून निघेल. कारण गवताचीं मुळें कर्ब जमिनींत सांठवितात, आणि तो कर्ब वणव्यानें सहसा उडून जात नाहीं.

२०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरच्या रानांतून निघालेला, गळ्यांत रेडिओचा पट्टा असलेला एक तरुण वाघ शेंकडों कोस चालून ज्ञानगंगेंत पोंचला. त्या उघड्यावाघड्या टेकड्या त्याला कांहीं काळ पुरल्या. लांकडाच्या वहींत ज्या रानाची किंमत बेताची लिहिली जाते तें रान आणखी किती कामें करतें, याचा हा एक पुरावा. झरे, माती, गवत, मोहफूल हीं त्याचीं इतर कामें. त्यांचेहि रकाने भरावयाचे आहेत.

तीनशें वर्षांत या विद्येनें लांकडापासून उजेडापर्यंत, उजेडापासून पानाच्या श्वासापर्यंत, आणि तेथून सबंध पृथ्वीपर्यंत मजल मारली. आमच्यासारख्या कोरड्या मुलखाचें गणित मात्र अद्याप अर्धेंच सुटलें आहे. जिल्ह्यांतील शाळा-कॉलेजांनीं आपल्या शेजारच्या रानाचा एकेक लहान चौकोन आंखून त्यांतील झाडांचा घेर दरसाल मोजला, कोणत्या वर्षीं वणवा फिरला व कोणत्या वर्षीं धुमारे फुटले हें वहींत लिहून ठेवलें, तर ती वही वीस वर्षांनीं मोठमोठ्या यंत्रांस मार्गदर्शक होईल. फूटपट्टी, सुतळी, आणि दरवर्षीं त्याच झाडापाशीं परत जाण्याची चिकाटी, एवढेंच त्यास भांडवल लागतें. उत्तर मोठमोठे विद्वान काढतील. ताळ्यास लागणारे आंकडे आपण पुरवूं या.